आश्विनातील आकाश : बंगालच्या किनारपट्टीचा हवामान-अंदाज कसा वाचावा

महाराष्ट्रात भाद्रपद सरत आला की शेतकरी हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसतो. सूर्य हस्त नक्षत्रात २७ सप्टेंबरच्या सुमारास प्रवेश करतो, आणि त्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणण्याची व पाटावर हत्ती काढून त्याभोवती हादग्याचा फेर धरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हस्त कोसळून गेला की कोकणातील भात पिवळे पडू लागते, दुपारच्या उन्हाला चटका येतो, आणि पावसाळा संपला असे मानून लोक छत्र्या गुंडाळून ठेवतात. नेमक्या याच पंधरवड्यात बंगालमध्ये दुर्गापूजेची धांदल चाललेली असते. आकाशात पिंजलेल्या कापसासारखे ढग, नदीकाठी काश गवताचे पांढरे तुरे, अंगणात शिउलीचा म्हणजे आपल्या पारिजातकाचा सडा अशी त्या देशाची शरद ऋतूची खूण आहे. पाहणाऱ्यास वाटावे की येथेही पावसाने निरोप घेतला. परंतु बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाशी राहणाऱ्या माणसाने या निरभ्रतेवर विश्वास टाकून चालत नाही. गेल्या तीन शतकांतील त्या किनाऱ्यावरच्या अतिशय घातक वादळांपैकी कित्येक ऑक्टोबर महिन्यात आली आहेत. आश्विनातल्या वादळाला बंगाली भाषेत ‘आश्विनेर झड’ असे स्वतंत्र नावच आहे.

कोलकात्याच्या नैऋत्येस बेहाला नावाचा दाट वस्तीचा भाग आहे. पूर्वी त्याची नगरपालिका निराळी होती. १९८४ मध्ये तो कलकत्ता महानगरपालिकेत सामील झाला. (शहराचे अधिकृत नाव २००१ मध्ये ‘कोलकाता’ झाले, त्यापूर्वीच्या घटनांसाठी येथे ‘कलकत्ता’ हेच नाव वापरले आहे.) बेहाल्याच्या मधून डायमंड हार्बरकडे जाणारा रस्ता दक्षिणेस निघतो. त्याच्या बारिशा या भागात सावर्ण रायचौधुरी घराण्याची दुर्गापूजा १६१० पासून चालत आल्याचे सांगतात. उपसागर येथून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे, म्हणजे बेहाला हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. तरीही तेथील जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम पाच-सहा मीटर उंच असून मधे डोंगर तर सोडाच, टेकडीसुद्धा नाही. कोकणातील माणूस सह्याद्रीच्या पायथ्याशी राहतो. बेहाल्याचा माणूस एका प्रचंड सपाट त्रिभुज प्रदेशावर राहतो, आणि समुद्रावर जे घडते ते नदीच्या वाटेने आणि वाऱ्याच्या वाटेने त्याच्या दारापर्यंत येते. तेथून चार-पाच किलोमीटरांवर आलिपूर येथे हवामानखात्याची वेधशाळा आहे. शहराचा पाऊस म्हणून जो आकडा वर्तमानपत्रांत येतो, तो प्रायः याच वेधशाळेच्या पर्जन्यमापकातील असतो.

त्या पर्जन्यमापकाचा वर्षभराचा हिशेब पाहिला तर कोलकात्यात साधारण अठराशे मिलिमीटर पाऊस पडतो. सप्टेंबरचा वाटा त्यात सुमारे तीनशे मिलिमीटर असतो. विशेष हे की ऑक्टोबरातही दीडशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो, आणि नोव्हेंबरात मात्र तो एकदम तीस-पस्तीसवर येतो. ऑक्टोबरचा हा आकडा सरासरीचा आहे हे विसरता कामा नये. एखाद्या वर्षी महिनाभर जवळजवळ काहीच पडत नाही, तर एखाद्या वर्षी दोन दिवसांत सारा महिना पुरा होतो. सरासरीवर भरवसा ठेवून मंडप घालणाऱ्यांची दोन्ही प्रकारांनी फसगत होते.

पाऊस परततो कसा

नैऋत्य मोसमी वारे येतात तसे परततात, परंतु परतीची वाट उलट दिशेने असते. प्रथम पश्चिम राजस्थानातून त्यांचा पाय निघतो. हवामानखात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकाप्रमाणे या परतीचा सर्वसाधारण आरंभ १७ सप्टेंबरला होतो. पूर्वीच्या वेळापत्रकात हीच तारीख १ सप्टेंबर होती. मुंबईहून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास, कोलकात्याहून त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि बहुतेक देशातून १५ ऑक्टोबरपर्यंत निघून जातो. परत गेला हे ठरवायचे कसे, याचेही नियम आहेत. राजस्थानच्या बाबतीत सलग पाच दिवस पाऊस नसणे, सुमारे दीड किलोमीटर उंचीवर हवेचे उलट फिरणारे, म्हणजे जास्त दाबाचे भोवरे तयार होणे आणि हवेतील बाष्प स्पष्टपणे घटणे या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. आठवडाभर ऊन पडले म्हणून पावसाळा संपला, असे शास्त्र मानीत नाही.

ही माघार चालू असताना पावसाचा मूळ आधार असलेला कमी दाबाचा लांबलचक पट्टा दक्षिणेकडे सरकू लागतो. पावसाळ्याच्या ऐन भरात तो राजस्थानपासून गंगेच्या मैदानावरून उपसागराच्या उत्तर टोकापर्यंत पसरलेला असतो. सप्टेंबरच्या अखेरीस त्याचे पूर्वेकडील टोक पाण्यावर उतरते. त्या वेळी पाण्याची उष्णता बहुधा २८ ते २९ अंश सेल्सियस असते; वादळाच्या जन्मास साधारण साडेसव्वीस अंश पुरे होतात. शिवाय गंगा व ब्रह्मपुत्रा यांनी पावसाळाभर ओतलेले गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थराप्रमाणे तरंगत राहते. खालचे थंड पाणी वर येऊन मिसळण्यास हा थर अडथळा करतो, आणि वरचे पाणी उबदारच राहते. आणखी एक पाहुणा पूर्वेकडून येतो. पॅसिफिक महासागरात उठलेली काही तुफाने व्हिएतनाम, थायलंड यांवरून जाताना विरतात, परंतु त्यांचे अवशेष पश्चिमेकडे सरकत अंदमानच्या समुद्रात उतरले तर उबदार पाण्यावर पुन्हा जीव धरतात.

मग जुलै-ऑगस्टात, ऐन पावसाळ्यात, मोठी चक्रीवादळे का होत नाहीत, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. त्या वेळीही समुद्र उबदार असतो आणि हवेत बाष्प तर भरपूर असते. याचे उत्तर वाऱ्याच्या उंचीनुसार बदलणाऱ्या दिशेत आहे. भर पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेकडून जोराने वाहतो आणि बारा-पंधरा किलोमीटरांवरचा वारा पूर्वेकडून तितक्याच जोराने वाहतो. कुंभाराच्या घरी मडक्यांची उतरंड रचलेली असते. तिचे तळचे मडके एकाने एका बाजूस आणि वरचे दुसऱ्याने दुसऱ्या बाजूस ओढले तर उतरंड उभी राहील काय? चक्रीवादळ ही उष्ण, दमट हवेची अशीच एक उतरंड आहे. जुलैमध्ये ती कलते; तिच्यातून कमी दाबाची क्षेत्रे व अवदाब निर्माण होतात, ते भरपूर पाऊस देतात, परंतु क्वचितच वादळाच्या पायरीवर चढतात. ऑक्टोबरात वरखालच्या वाऱ्यांतील ही ओढाताण सैल पडते आणि उतरंड सरळ उभी राहू शकते. म्हणूनच उपसागरात वादळांचे ऋतू दोन आहेत : पावसाळ्यापूर्वीचा, मुख्यतः मे महिन्याचा, आणि पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. २० मे २०२० रोजी कोलकात्यास झोडपणारे ‘अंफन’ हे पहिल्या ऋतूतले होते.

हवामानखाते या क्षेत्रांना त्यांतील वाऱ्याच्या वेगावरून नावे देते. ताशी ३१ किलोमीटरांहून कमी वेग असेल तर ते नुसते कमी दाबाचे क्षेत्र. ३१ ते ५० पर्यंत अवदाब, ५१ ते ६१ पर्यंत तीव्र अवदाब, आणि ६२ किलोमीटर झाले की चक्रीवादळ. वादळाला माणसासारखे नाव मिळते ते या पायरीवर. पुढे ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र अशा पायऱ्या चढत चढत २२२ किलोमीटर व त्याहून अधिक वेगाच्या महाचक्रीवादळापर्यंत ही शिडी जाते. ही नावे वाऱ्याची आहेत, पावसाची नव्हेत. अवदाबाची पायरीही न गाठलेले एखादे क्षेत्र एका रात्रीत शहर बुडवू शकते. त्याचे उदाहरण पुढे येईल.

‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्यात जन्मला

जगभर रूढ झालेला हा शब्द कलकत्त्याच्या एका माणसाने बनविला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. हेन्री पिडिंग्टन हा तेथील सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष होता. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्याच्यापुढे येत. एकाच वादळाविषयी निरनिराळ्या जहाजांवरील नोंदी नकाशावर मांडता मांडता त्याला दिसून आले की वारा एका मध्याभोवती वेटोळे घालीत असतो. वेटोळे घातलेल्या सर्पाची कल्पना मनात धरून त्याने ग्रीक भाषेवरून ‘सायक्लोन’ हे नाव सुचविले, आणि खलाशांसाठी लिहिलेल्या १८४८ च्या आपल्या पुस्तकात ते वापरले.

पिडिंग्टनचे दुसरे काम पहिल्याहून मोठे म्हणावे लागेल, पण त्याचा उपयोग झाला नाही. कलकत्त्याच्या आग्नेयेस मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा विचार चालू असता त्याने १८५३ मध्ये गव्हर्नर-जनरलला लिहून कळविले की, वादळाबरोबर समुद्राचे पाणी चढून ती जागा एके दिवशी बुडेल. त्याच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. तो १८५८ मध्ये वारला. कॅनिंग बंदर बांधले गेले, धक्के उभे राहिले, आणि नोव्हेंबर १८६७ च्या वादळात समुद्राचे पाणी त्या बंदरावरून फिरले. काही वर्षांतच ते सोडून द्यावे लागले. आज कॅनिंग हे सुंदरबनाच्या वाटेवरचे रेल्वेस्थानक म्हणून लोकांस माहीत आहे.

त्याआधी तीन वर्षे, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्त्याने याहून भयंकर दिवस पाहिला होता. अंदमानच्या बाजूस उठलेले वादळ उत्तर-वायव्येस सरकत हुगळीच्या मुखाशी आले आणि त्याने लोटलेले पाणी नदीतून वर चढले. बंदरातील बहुतेक जहाजे नांगर तोडून एकमेकांवर व काठावर आदळली. परंतु खरा संहार खाली, नदीच्या दोन्ही तीरांवरच्या खेड्यांत झाला. पन्नास हजारांहून अधिक माणसे त्यात मेली असे मानले जाते. त्या दिवशी अमावास्या होऊन पाच दिवस लोटले होते, म्हणजे मोठ्या भरतीची वेळ टळली होती. ती टळली नसती तर पाणी याहून वर गेले असते.

या वादळाचा अभ्यास गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड या दोघांनी केला व त्याचा अहवाल १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. अहवाल वाचणाऱ्याच्या मनाला एक गोष्ट लागून राहते. वादळ एकाएकी आलेले नव्हते. उपसागरातील जहाजांवर ते येण्याची चिन्हे आधीच्या दिवसांत नोंदली गेली होती. किनाऱ्यावरून शहरास संदेश धाडण्यासाठी तारही होती, कारण भारतातील पहिली तारयंत्राची ओळ १८५१ पासून कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्याच दरम्यान चालू होती. नव्हती ती निरीक्षणे एका ठिकाणी आणून त्यांचा अर्थ लावण्याची व्यवस्था. ती व्यवस्था १८६५ मध्ये, आपत्तीनंतर, कलकत्ता बंदरासाठी सुरू झाली. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, भारतीय हवामानखाते स्थापन झाले आणि ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख झाला. खात्याचे मुख्य ठाणे पुढे कलकत्त्याहून १९०५ मध्ये सिमल्यास, १९२८ मध्ये पुण्यास आणि १९४४ मध्ये दिल्लीस गेले. पुण्यातील शिवाजीनगरच्या वेधशाळेस ‘सिमला ऑफिस’ का म्हणतात, याचा उलगडा यावरून होईल. ते नाव घेणारे कितीतरी पुणेकर असतील. त्यामागे हुगळीकाठचे एक वादळ उभे आहे, हे मात्र मनात येत नाही.

व्यवस्था असली म्हणजे ती नेहमी पोहोचतेच असे नाही. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी, दुर्गापूजेच्याच दिवसांत, मेदिनीपूर जिल्ह्याचा कांथी भाग वादळाने व समुद्राच्या लोंढ्याने उद्ध्वस्त झाला. सुमारे साडेचौदा हजार माणसे गेली. युद्धकाळामुळे हवामानाच्या बातम्यांवर निर्बंध होते. २९ ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक मरण पावले. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ आले तेव्हा इशारा चार-पाच दिवस आधी दिलेला होता, लाखो लोक आधीच हलविले गेले होते, आणि बळींची संख्या काही दशकांच्या घरात राहिली. समुद्र तोच, ऋतूही तोच. मधल्या चौदा वर्षांत उपग्रह, रडार व गणकयंत्रे सुधारली, पण त्याबरोबर गावोगावी निवारे बांधले गेले आणि सांगितल्याबरोबर घर सोडण्याची लोकांस सवय झाली.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

उपकरणावाचून वादळाचा ठाव घेण्याची एक युक्ती डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट याने १८५७ मध्ये सांगितली. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचा मध्य डाव्या हातास, किंचित पुढच्या बाजूस असतो. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे हवा सरळ मध्याकडे न जाता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळसा घेत जाते, त्याचा हा परिणाम.

हा नियम बेहाल्यातील एखाद्या शाळेच्या गच्चीवर लावून पाहू. ऑक्टोबरच्या एका सकाळी वारा पूर्वेकडून जोराने वाहू लागला आहे. त्याकडे पाठ केली म्हणजे तोंड पश्चिमेस झाले आणि डावा हात दक्षिणेस. वादळ दक्षिणेस, समुद्रावर आहे. पुढील काही तासांत वारा पूर्वेकडून आग्नेयेस व मग दक्षिणेस फिरला, तर मध्य शहराच्या पश्चिमेकडून जात आहे. उलट तो ईशान्येस व उत्तरेस फिरला, तर मध्य पूर्वेकडून, सुंदरबनाच्या बाजूने जात आहे. यांतील पहिली स्थिती शहरास अधिक वाईट, कारण वादळाच्या उजव्या अंगास वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी नदीत लोटतो. वारा दिशा न बदलता नुसता वाढत राहिला, तर मध्य सरळ आपल्याकडेच येत आहे असे समजावे. मग मधेच एकदम सामसूम होते. ती वादळाच्या डोळ्याची शांतता असते आणि तिच्यानंतर वारा नेमका उलट दिशेने कोसळतो. या वेळी घराबाहेर पडून पुष्कळांनी प्राण गमावले आहेत.

वायुभारमापक असेल तर आणखी चांगले, मात्र तो वाचण्यात एक खाचखळगा आहे. उष्ण प्रदेशांत हवेचा दाब रोज दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत अधिक व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. फरक दोन-तीन हेक्टोपास्कल इतका पडतो. सकाळी दहाला आणि दुपारी चारला काटा पाहून दाब उतरला म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. आज दहाचा आकडा कालच्या दहाच्या आकड्याशी ताडून पाहावा. या रीतीने चोवीस तासांत चार-पाच हेक्टोपास्कलांची उतार दिसली तर मात्र वेधशाळेचे पत्रक काढून नीट वाचावे.

पत्रकाची भाषा

आणि पत्रक वाचणे हे दिसते तितके सोपे नाही. त्यातील शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातलेच असतात, पण त्यांना मोजलेला अर्थ दिलेला असतो. समजा, पत्रकात असे लिहिले आहे : “गांगेय पश्चिम बंगालमध्ये बहुतेक सर्व ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस; दक्षिण २४ परगणा जिल्ह्यात एक-दोन ठिकाणी अति मुसळधार पाऊस पडण्याचा संभव.” यातील ‘बहुतेक सर्व ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील पाऊन टक्क्याहून नव्हे, तर पाऊण हिश्शाहून अधिक, म्हणजे शंभरांपैकी ७६ वा जास्त केंद्रांवर. ‘एक-दोन ठिकाणी’ म्हणजे २५ किंवा त्याहून कमी. ‘मध्यम’ पाऊस चोवीस तासांत ६४.४ मिलिमीटरपर्यंत, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. नुसता ‘संभव’ म्हणजे शंभरांत २५ ते ५० इतकी शक्यता, ‘दाट संभव’ म्हणजे ५० ते ७५. तेव्हा ‘संभव’ सांगितलेला पाऊस दोन-तीनदा आला नाही, तर वेधशाळा चुकली असा बोभाटा करणे न्यायाचे नाही; तिने तितकेच सांगितले होते. उलट ‘एक-दोन ठिकाणी’ हे शब्द वाचून निश्चिंत होणेही धोक्याचे, कारण ते एक ठिकाण आपलेच असू शकते.

दिवसाचा हिशेबही निराळा आहे. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे लिहितात. सोमवारी रात्रभर पडलेला पाऊस मंगळवारच्या खात्यावर जमा होतो.

वादळ उठल्यास पत्रके चार टप्प्यांनी निघतात. पहिली पूर्वसूचना सुमारे ७२ तास आधी, सावधगिरीचा इशारा ४८ तास आधी, प्रत्यक्ष धोक्याचा इशारा २४ तास आधी, आणि शेवटचा टप्पा वादळ जमिनीवर येण्याच्या सुमारे १२ तास आधी, ज्यात ते आत शिरल्यावर काय होईल हेही सांगितलेले असते. काकद्वीप, नामखाना, फ्रेझरगंज येथून हिलसा माशासाठी खोल पाण्यात जाणाऱ्या मच्छीमारांना मात्र याहून आधी, साध्या अवदाबाच्या वेळीच परत बोलावले जाते. नौकेस किनारा गाठण्यास कित्येक तास लागतात आणि तिला बुडण्यासाठी चक्रीवादळाचीही गरज नसते.

भरती आणि गटार

बेहाल्याचा विचार करताना पत्रकाबरोबर पंचांगही उघडावे लागते. त्याचा ज्योतिषाशी संबंध नाही, तिथीशी आहे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास, खरे म्हणजे त्यानंतर एक-दोन दिवसांनी, भरती सर्वांत मोठी असते. अष्टमीच्या आसपास सर्वांत लहान. हे आपल्या कोकणच्या कोळ्यांस पाठ असते. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, हा त्यांचा ठोकताळा मुंबईच्या किनाऱ्यास बराच लागू पडतो. हुगळीवर तो चालणार नाही. तेथे भरती सागर बेटापासून नदीतून चढत कोलकात्यास यावयास काही तास घेते. परंतु लहान-मोठ्या भरतीचा क्रम तोच. शिवाय सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य विषुववृत्तावर येतो आणि त्या काळातील उधाणाच्या भरत्या वर्षातील मोठ्या भरत्यांपैकी असतात. म्हणजे महालयाची अमावास्या आणि कोजागरीची पौर्णिमा यांच्या लगतचे दिवस नदीच्या बाजूने नाजूक. पूजेची अष्टमी त्या मानाने बरी.

याचा गटारांशी संबंध काय? सपाट शहराचे पावसाचे पाणी कालव्यांवाटे शेवटी नदीकडे जाते. भरतीच्या वेळी नदीचे पाणी कालव्यांतून उलट शहरात शिरू नये म्हणून तोंडाशी असलेली दारे बंद करावी लागतात. मग आतले पाणी आतच अडते. दर सुमारे साडेबारा तासांनी भरती येते. म्हणजे पाऊस आणि भरती यांची गाठ पडणे हा अपघात नसून वारंवार घडणारी गोष्ट आहे. बेहाल्यात पाणी तुंबण्याची तक्रार जुनी आहे आणि तिच्या मुळाशी सखल जमीन, भरलेले पाणथळ भाग व नदीची ही चाल तिन्ही आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ ची रात्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. उपसागराच्या उत्तर भागात एक कमी दाबाचे क्षेत्र होते, वादळ नव्हते. २३ तारखेच्या सकाळपर्यंत आलिपूरच्या पर्जन्यमापकात सुमारे २५० मिलिमीटर पाऊस साठला, आणि त्यातील बहुतेक थोड्या तासांत पडला होता. २१ सप्टेंबरला महालयाची अमावास्या झाली होती. म्हणजे भरती आपल्या सर्वांत मोठ्या मापाशी होती. शहर गुडघाभर, कोठे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. जे मृत्यू झाले त्यांतील बहुतेक बुडून झाले नाहीत. साचलेल्या पाण्यात उतरलेल्या विजेच्या प्रवाहाने झाले. पूजेसाठी रस्तोरस्ती दिव्यांच्या तारा ओढण्याचे ते दिवस होते. याहून मोठा पाऊस सप्टेंबर १९७८ च्या अखेरीस पडला होता. तेव्हा एका दिवसात सुमारे ३७० मिलिमीटरांची नोंद झाली आणि दक्षिण बंगालचा मोठा भाग पुराखाली गेला.

२५० मिलिमीटर म्हणजे नक्की किती, हे वर्गात करून पाहता येईल. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला तर एक लिटर पाणी होते. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद गच्चीवर २५० मिलिमीटर पावसाचे २५ हजार लिटर पाणी जमेल. एक चौरस किलोमीटर वस्तीवर ते २५ कोटी लिटर होईल. आता ते उपसण्यास किती पंप व किती तास लागतील, आणि त्यांतील सहा तास नदीची दारे बंद असतील तर काय, हे गणित विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचे क्षेत्रफळ घालून सोडवावे. मुंबईच्या विद्यार्थ्यांना २६ जुलै २००५ ची आठवण घरातील मोठी माणसे सांगतील. त्या दिवशीही पाऊस व भरती यांची अशीच गाठ पडली होती. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

ऑक्टोबरचा मध्य उलटला की आलिपूरच्या वेधशाळेचा वातकुक्कुट हळूहळू उत्तरेकडे तोंड करू लागतो. दाब रोज थोडा वर चढतो, हवेतील चिकटपणा कमी होतो, पहाटे गवतावर दव दिसते. उपसागरात वादळे नोव्हेंबरातही उठतात, पण त्यांतील पुष्कळशी तोवर दक्षिणेकडे, आंध्र व तामिळनाडूच्या किनाऱ्याकडे वळू लागलेली असतात. सगळीच नव्हेत : कॅनिंग बुडविणारे वादळ नोव्हेंबरचे होते, आणि २०२४ मधील ‘दाना’ २४-२५ ऑक्टोबरच्या रात्री ओडिशाच्या धामरा बंदराजवळ जमिनीवर आले तेव्हा कोलकात्यातही दिवसभर पाऊस पडत राहिला. म्हणून बंगालच्या किनाऱ्यावर वादळाची पत्रके कालीपूजा होऊन गेल्यावरही काही आठवडे वाचली जातात.